पहिल्या खुंटीवरची दोरी

मी बी.ए. झालो तोवर आमच्या पाड्यावरचं कुणी मॅट्रिकसुद्धा झालेलं नव्हतं. हे कुणामुळे झालं, असं लोक मला विचारतात. मी एखाद्या हेडमास्तरांचं नाव घेईन, असं त्यांना वाटतं. मी नाव घेतो ते जमनाताई तांडेल यांचं. जमनाताईंनी मला एक अक्षरही शिकवलं नाही. त्यांनी फक्त माझ्या कमरेवरून माझी बहीण उचलून घेतली.

हे नीट कळायला आमच्या पाड्याची रीत सांगायला हवी. आमचा पाडा झरी गावचा. जिल्हा तेव्हा ठाणे आणि राज्य मुंबई. भात कापून झालं की आमची सगळी माणसं जमीनदाराच्या कुरणात गवत कापायला जात. आई जाई, बाप जाई. अंगावर पिणारं मूल आईबरोबर जाई. चालता येऊ लागलेलं मूल मात्र घरी राही आणि त्याला सांभाळायला त्याच्याहून मोठं असलेलं भावंड राही. आमच्या घरी मोठा मी होतो. मला सातवं वर्ष होतं, माझ्या बहिणीला, बुधीला, तिसरं लागलं होतं.

माझ्या लहानपणाची पहिली आठवण खेळाची नाही, भीतीची आहे. चुलीत निखारा राहिला असेल का? बुधी ओहोळाकडे तर नाही गेली? कुडाच्या फटीत काय सळसळलं? आई उन्हं उतरल्यावर येई, तोवर मी बुधीला कमरेवर घेऊन नुसता उभा असे. खाली ठेवली की ती पळे. कमरेवर ठेवली की माझी कंबर दुखे.

एकदा मी तिला घेऊन झरीच्या शाळेच्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो. गुरुजींनी पाहिलं.

"रूपजी, तू आत ये. ती बाहेर."

"बाहेर कुठे ठेवू, गुरुजी?"

"ते मी कसं सांगू बाबा? मागच्या खेपेला एकीनं आणलं होतं पोर. सगळा वर्ग त्याच्याकडेच बघत बसला."

गुरुजी वाईट माणूस नव्हते. चार वर्ग एकाच खोलीत बसवून ते एकटे शिकवत. मी खिडकीशी उभा राहून पाढे ऐकत असे. बुधी रडू लागली की मी निघून येई.

अशाच एका दिवशी बांधावरून एक बाई येताना दिसल्या. ऊन फारसं नव्हतं तरी हातात छत्री होती, तीही मिटलेली आणि पुढे धरलेली. आमच्या अंगणातलं कुत्रं उठून भुंकू लागलं. बाई जागीच थबकल्या.

"ए पोरा, हे चावतं का?"

"नाय."

"मग भुंकतं कशाला? मला भ्या वाटतं." एवढं बोलून त्यांनी डोळे मिटून घेतले, स्वतःलाच "चला" म्हटलं आणि कुत्र्याच्या शेजारून सरळ अंगणात आल्या. माझ्याकडे पाहिलं, बुधीकडे पाहिलं. मग दोन्ही हात पुढे केले.

"दे इकडे. तू जा, खेळ."

मी बुधीला दिलं. पण काय खेळायचं ते मला कळेना. मी तिथेच उभा राहिलो.

जमनाताई डहाणूच्या. घर खाडीलगत, वडिलांची मासेमारीची होडी. त्यांची आई सुक्या मासळीची टोपली घेऊन आमच्या पाड्यांवर फिरत असे, म्हणून म्हाताऱ्या बायका त्यांना "मासळीवालीची पोर" म्हणत. पुढे सगळेच "बाय" म्हणू लागले. झरीचा किराणा दुकानदार गुजराती. तो "बेन" म्हणे. सातवीची परीक्षा पास होऊन, बालवाडीचं शिक्षण घेऊन त्या आमच्याकडे आल्या, तेव्हा तिशीच्या असतील. अंगानं काडी. आवाज मात्र बाजारात मासळी विकणाऱ्या बाईचा, पाड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा.

एवढी घाबरट बाई मी पाहिली नाही. कुत्र्याला भीत, बैलाला भीत, पालीला भीत, साहेबाला भीत. सगळ्यात जास्त भीत पाण्याला. झरीहून पाड्यावर येताना वाटेत ओहोळ लागे. दिवाळीनंतर त्यात घोट्याएवढंही पाणी नसे. तरी त्या काठावर थांबत, कुणीतरी येईपर्यंत थांबत आणि त्याचा हात धरून ओलांडत. आम्हा पोरांना याची फार गंमत वाटे. "होडीवाल्याची पोर आणि पाण्याला भिते," असं बायका त्यांच्या तोंडावर म्हणत. त्या हसत. भीती लपवायची असते हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं बहुतेक. आधी सांगून टाकत, "मला भ्या वाटतं," आणि मग म्हणत, "चला." हे दोन्ही शब्द एकापाठोपाठ येत. दुसरा आल्याशिवाय पहिला राहिला असं मी कधी ऐकलं नाही.

बालवाडी म्हणजे एक मांडव होता. चार बाजूंनी कमरेएवढा कूड, शेणानं सारवलेली जमीन. आमच्या बायकांनी कुडावर तांदळाच्या पिठानं झाडं आणि मोर काढून दिले होते. आत शिंपले, करवंट्या, चिंचोके, ओली माती. पाण्याचा माठ मुलांच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर, त्यावर झाकण. खुंट्याही तेवढ्याच उंचीवर. मोठ्या माणसाला तिथे काही अडकवायचं तर वाकावं लागे.

ताई मुलांकडे पाठ करून कधी बसल्या नाहीत. पावडरचं दूध उकळतानासुद्धा चूल अशी मांडलेली की तोंड मुलांकडे राहील. आणि सारखं मोजणं. पाणी प्यायला जाण्याआधी मोजायचं, आल्यावर मोजायचं, काही कारण नसताना मोजायचं. एकेका डोक्याला हात लावून पुटपुटत मोजत. एखादा आकडा कमी आला की त्यांचा तो बाजारातला आवाज एकदम चिरे. मूल कुडामागेच असे. ते सापडलं तरी त्या त्याचा हात बराच वेळ सोडत नसत. हे एवढं कशासाठी, ते आम्हाला कळत नसे.

बुधी बालवाडीत जाऊ लागली आणि मी शाळेत. माझं शिक्षण सुरू झालं ते असं.

महिन्यातून एकदा ताई डहाणूच्या कचेरीत जात. जाण्याच्या आदल्या दिवसापासून त्यांचं पोट बिघडे. परत आल्या की माझ्या आईजवळ बसून सगळं सांगत. कचेरीतला कारकून त्यांना विचारी, "तांडेलबाई, पोरं राखायला किती वेळा अर्ज करायचा? बसवा एका जागी, दोन गाणी म्हणून घ्या, झालं."

"मग तू काय म्हणालीस?" आई विचारी.

"म्हटलं, राखायला कुत्रंसुद्धा चालतं. मला राखायची नाहीत, वाढवायची आहेत. वीस पोरांना एक बाई ठीक, पण चाळीस झाली तर दुसरी बाई द्या. दूध पातळ करून वाटायला सांगू नका. पोरं पहिलीत जातील तेव्हा बघू म्हणता. तोवर फार उशीर झालेला असतो."

"असं म्हणालीस तू साहेबाला?"

"साहेबाला नाही ग. कारकुनाला. साहेबाचं मला भ्या वाटतं."

मग एक दिवस कचेरीतून कागद आला. गवताचा हंगाम ऐन भरात होता. साहेब स्वतः बालवाडी पाहायला येणार होते. मुलं हजर असली आणि मुलांची प्रगती दिसली तर बालवाडी चालू राहील, नाहीतर बंद. ताईंनी तो कागद आईला वाचून दाखवला तेव्हा मी तिथेच होतो. बंद म्हणजे काय, ते मला लगेच कळलं. बुधी परत माझ्या कमरेवर.

प्रगती दाखवायची कशी? ताईंना वाटलं, मुलं दूध पितात, वाढतात, हे डोळ्यांना दिसलं पाहिजे. त्या दुकानदाराकडे वजनकाटा मागायला गेल्या. तो म्हणाला, "बेन, या काट्यात मी मीठ तोलतो. तुमचं पोर मुतलं तर माझं मीठ कोण घेणार?" तेव्हा त्यांनी डहाणूहून वडिलांचं जाळं विणायचं सूत आणलं. प्रत्येक मुलाला कुडाशी सरळ उभं करायचं, टाचेपासून डोक्यापर्यंत सूत धरायचं, तिथे गाठ मारायची. दोरी कापताना वर थोडं टोक सोडायचं, म्हणजे पुढच्या महिन्यात मूल वाढलं की तिथे आणखी एक गाठ मारता येईल. जाळं विणणारे जाळ्याच्या डोळ्यांची, म्हणजे भोकांची, मापं अशाच गाठींनी धरतात म्हणे. दोऱ्या खुंट्यांवर ओळीनं लटकवल्या. मुलं आपापल्या दोरीखाली उभी राहून मिरवत होती.

बुधी घरी आली ती सांगतच, "बायनं मला मोजली. डोक्यापासून पायापर्यंत."

आई चुलीपुढे बसली होती. तिच्या हातातली फुंकणी खाली पडली.

आमच्याकडे दोरीनं माणूस मोजतात ते एकदाच. मोठ्या माणसाला तिरडीसाठी आणि लहान मुलाला खड्ड्यासाठी. जिवंत मुलाला कुणी दोरी लावत नाही. डहाणूच्या बंदरावर वाढलेल्या ताईंना हे ठाऊक नव्हतं, आणि ते त्यांना सांगावं असं आम्हा कुणाच्या कधी मनातही आलं नव्हतं.

त्यातच आणखी एक गोष्ट झाली. मोठ्या रस्त्यावर नदीवर पूल बांधायचं काम चालू होतं. आमचा शेजारी रामजीकाका तिथे दगड वाहायला जाई. त्यानं येऊन सांगितलं की पुलाचा एक खांब उभा राहत नाही, उभारला की खचतो. नदीला पोर द्यावं लागणार, असं तिथली माणसं बोलतात. आजवर हे आम्ही नुसतं ऐकत होतो. त्या दिवशी रामजीकाकानं मांडवात डोकावून खुंट्यांवरच्या दोऱ्या पाहिल्या.

"नावं लिहून घेतली का?" त्यानं आईला विचारलं.

"लिहिली. वहीत."

"मापंही घेतली."

"घेतली."

"मग राहिलं काय?"

दुसऱ्या दिवशी मांडवात एकही मूल नव्हतं. बायका कुरणात गेल्या नाहीत. कुणी मूल कणगीत बसवलं, कुणी माळ्यावर. रस्त्याच्या दिशेनं मोटारीची धूळ उठली की पाड्यात सगळी दारं लागत. कोंबड्यासुद्धा गप्प झाल्यासारखं मला वाटे. मी शाळेत गेलो नाही. लांबून पाहिलं तर ताई मांडवाच्या मधोमध बसल्या होत्या. दुधाचं पातेलं झाकून शेजारी ठेवलं होतं. दुपार कलेपर्यंत त्या तशाच बसून होत्या, तोंड दाराकडे.

मला त्यांची भीती वाटत होती. हे मला आज लिहायला जड जातं. ज्यांनी माझ्या कमरेवरचं ओझं घेतलं त्याच बाईंच्या हातात मला सुताचा गुंडा दिसत होता. बुधीची दोरी तिसऱ्या खुंटीवर होती. रात्रंदिवस मला ती तिसरी खुंटी दिसे.

तिसऱ्या दिवशी ताई झरीहून येऊन घरोघर जाणार, असं पाड्यात कळलं. आईनं मला सांगितलं, "ती यायच्या आत बुधीला घेऊन ओहोळात जा. मी हाक मारीपर्यंत येऊ नको." मी गेलो. परत आलो ते हाकेनं नाही, हाक येईना म्हणून.

अंगणात ताई उभ्या होत्या. आई दारात आडवी उभी होती.

"मला ठाऊक नव्हतं ग," ताई म्हणत होत्या. "आमच्याकडे सुतानं जाळं मोजतात. मी माणसांना मोजलं ती माझी चूक. पण पुलाबिलाचं काही नाही. माझ्या आईची शपथ."

"तुझं पोर असतं तर तुला कळलं असतं."

ताई अंगणातच खाली बसल्या. "पोर नाही. भाऊ होता," त्या म्हणाल्या. "आई टोपली घेऊन तुमच्याकडे यायची तेव्हा त्याला माझ्याकडे ठेवून यायची. दोन वर्षांचा होता. मी शिंपल्यांनी खेळत होते. पाणी चढतं तेव्हा आवाज होत नाही. मी मान वर केली तेव्हा तो नव्हता." पुढे म्हणाल्या, "तेव्हा मी सात वर्षांची होते. तुझ्या रूपजीएवढी."

मग ताई उठल्या, पदराच्या गाठीतून सूत काढलं आणि तिच्यापुढे धरलं.

"मला मोज."

"काय?"

"माझं माप घे. टाचेपासून डोक्यापर्यंत. आणि पहिल्या खुंटीला लाव. दोरीनं काही होणार असेल तर पहिल्यांदा मला होऊ दे."

"आणि तू मेलीस तर? ते मी कुठे फेडू?"

"साहेब यायला आठ दिवस आहेत. तोवर मेले तर पोरांना पाठवू नका. नाही मेले तर पाठवा."

त्या कुडाला पाठ लावून उभ्या राहिल्या. डोळे मिटले. म्हणाल्या, "मला भ्या वाटतं," आणि जरा वेळानं, "चल."

आईनं सूत त्यांच्या टाचेखाली दाबलं. दोरी तिच्या हातून दोनदा सुटली. शेवटी तिनं ती डोक्यापर्यंत नेली आणि विळ्यानं कापली. तेव्हाच ताईंनी डोळे उघडले आणि त्यांना मी दिसलो. बुधी माझ्या कमरेवर होती. तिचा चेहरा लाल झाला होता, केस ओले होते, गालावर वळ होते, आणि श्वास लागला होता.

"काय झालं हिला?"

"रडली," मी म्हटलं.

ताई माझ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी हात पुढे केले. "दे इकडे. तू जा, खेळ."

ते आठ दिवस मी विसरणार नाही. बाय जिवंत आहे का, हे सगळा पाडा पाहत होता. सकाळी झरीच्या वाटेवर त्यांची छत्री दिसली की बायका एकमेकींकडे बघत. तिसऱ्या दिवशी दिसली. चौथ्या दिवशी दिसली. पाचव्या दिवशी उशिरा दिसली, आणि ताई दोनदा वाटेत बसल्या. त्यांना हिवताप भरला होता.

रामजीकाका म्हणाला, "बघा."

आईनं दोन दिवस तोंडात घास घातला नाही. "मी मोजली तिला," एवढंच म्हणे. सहाव्या दिवशी ताई रिकाम्या मांडवात घोंगडी गुंडाळून बसल्या होत्या. दात वाजत होते. घरी पडून राहिल्या असत्या तर बरं झालं असतं, पण घरी पडल्या असत्या तर आम्ही त्यांना मेल्यात धरलं असतं, हे त्यांना कळत होतं. आईनं नाचणीची पेज केली आणि मांडवात नेली. पाठोपाठ मी होतो. पेज पाजताना आई म्हणाली, "मरू नको ग, बाय. माझ्या हाताला लागेल."

"नाही मरत," ताई म्हणाल्या. दातांमुळे शब्द तुटत होते. "पेजेत मीठ कमी आहे."

आई हसली आणि लगेच रडली. दुसऱ्या दिवशी तिनं कुणालाही न विचारता बुधीला मांडवात नेऊन सोडलं. पाड्यातलं ते पहिलं मूल. तिला सोडून आई कुडाबाहेर बसून राहिली, हातात विळा घेऊन. सबंध दिवस तशीच बसली. उन्हं कलली, बुधी दूध पिऊन मातीनं भरलेली बाहेर आली आणि बायकांनी तिला हात लावून लावून पाहिली.

आठव्या दिवशी साहेब आले तेव्हा दोन सोडून सगळी मुलं होती. कुडाबाहेर बायकांची रांग. बायका साहेबाकडे नाही, ताईंकडे पाहत होत्या. ताप उतरला होता, पण त्या उभ्या राहायला खांब धरत होत्या.

साहेब म्हणाले, "बाई, मुलांना काही म्हणून दाखवायला सांगा."

"म्हणून दाखवायला शिकवलं नाही, साहेब."

"मग काय शिकवलं?"

"तुम्ही बसा. मला भ्या वाटतं, मी नीट सांगू शकणार नाही. तुम्ही बघा."

साहेबांना बसायला घोंगडी दिली. मुलांनी थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि मग आपापल्या कामाला लागली. एकानं चिंचोके लहानमोठे निवडले. एकीनं स्वतः माठातून पाणी घेतलं, झाकण परत ठेवलं. बुधीनं मातीची भाकरी थापली, करवंटीत घातली आणि साहेबांपुढे नेऊन उभी राहिली. ते नुसतं हसले. ती हलेना. शेवटी त्यांनी खाल्ल्यासारखं केलं. बुधी म्हणाली, "चाव." तेव्हा ते चावल्यासारखंही करू लागले.

जाताना त्यांचं लक्ष खुंट्यांकडे गेलं. "ही मापं आहेत का? आणि ही पहिली एवढी लांब कुणाची?"

ताई काही बोलायच्या आत कुडाबाहेरून आई म्हणाली, "ती बायची. मी मोजली." एवढं बोलून ती पदरात तोंड लपवून खाली बसली. साहेबाशी बोलण्याची तिची ती पहिली वेळ.

बालवाडी चालू राहिली. दुसरी बाई मात्र मिळाली नाही. ताई दर महिन्याला अर्ज करत राहिल्या आणि दर महिन्याला त्यांचं पोट बिघडत राहिलं. पूलही झाला. त्याच्या खांबाखाली आमच्या पाड्यातलं कुणी गेलं नाही, पण पुढे कितीतरी वर्षं आई त्यावरून जाताना माझा हात घट्ट धरी.

मी चौथीत असताना ताईंची बदली झाली. जाताना प्रत्येक मुलाची दोरी त्यांनी त्याच्या आईच्या हातात दिली. स्वतःची आईला दिली. आईनं ती कणगीत भाताखाली ठेवली.

पुढे मी डहाणूला हायस्कूलला गेलो आणि वसतिगृहात राहिलो. बुधीची दोरी मी बरोबर नेली होती, तिनं मी पुस्तकं बांधत असे. नववीत असताना एका सकाळी समुद्रावर गेलो होतो. लांब ओल्या वाळूवर दहाबारा लहान मुलं हात धरून ओळीनं उभी होती आणि टोकाला जमनाताई. लाट येऊन त्यांच्या पायांवरून गेली. मुलं किंचाळून हसली. ताईंचे डोळे मिटलेले होते. मग त्यांनी डोळे उघडले, डोक्यांवर हात ठेवत मुलं मोजली आणि ओठ हलले. काय म्हणाल्या ते अंतरामुळे ऐकू आलं नाही, पण मला कळलं. ओळ एक पाऊल पुढे सरकली. पाणी त्यांच्या घोट्याच्या वर आलं होतं.

मी जवळ गेलो नाही. का गेलो नाही, ते मी बी.ए.चा निकाल लागल्यावर त्यांना पत्र लिहून कळवलं. त्या पत्राची नक्कल माझ्याजवळ आहे.

"तीर्थरूप जमनाताई यांना रूपजीचा साष्टांग नमस्कार.

मी बी.ए. झालो. आई म्हणाली, आधी बायला कळव. बुधी आता वेवजी गावच्या बालवाडीत मदतनीस आहे. तुमची दोरी तिनं कणगीतून काढून नेली आणि तिथल्या पहिल्या खुंटीला लावली आहे. त्या दोरीशेजारी ती मुलांची मापं लावते. आधी प्रत्येकाच्या आईला विचारते, मग मोजते. मुलं तिला विचारतात, एवढी उंच कोण? तिलाही अजून दुसरी बाई मिळालेली नाही. ती अर्ज करते आहे.

ताई, एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. तुम्ही आमच्या घरी आलात त्या दिवशी मी बुधीला घेऊन ओहोळात होतो. काठावरच्या निगडीच्या झुडपामागे. तुम्ही काठावर थांबलात. कुणी येतं का म्हणून वाट पाहिलीत. कुणी आलं नाही. तुम्ही म्हणालात, मला भ्या वाटतं. मग चला म्हणालात आणि एकट्या पाण्यात उतरलात. माझ्यापासून दहा पावलांवरून गेलात.

तुमचा आवाज ऐकून बुधी तुम्हाला हाक मारणार होती. मी तिच्या तोंडावर हात दाबला. नाकही दाबलं गेलं. तिनं पाय झाडले, मग झाडेनाशी झाली. तरी मी हात काढला नाही, कारण मला तुमची भीती वाटत होती. तुम्ही वळणापलीकडे गेल्यावर हात काढला. ती हलत नव्हती. मी तिला हलवलं, पाण्यात घातलं. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग तिनं श्वास घेतला.

तिच्या गालावरचे वळ तुम्ही पाहिलेत. तुम्हाला कळलं असेल, असं मला वाटतं. तुम्ही काही विचारलं नाहीत, मला खेळायला जा म्हणालात. त्यामुळेच डहाणूच्या समुद्रावर तुम्हाला पाहूनही मी पुढे आलो नाही. मला तोंड दाखवायची लाज वाटली.

आता एवढी वर्षं विचार करून मला जे समजलं ते लिहितो. माझी बहीण वाचली आणि तुमचा भाऊ वाचला नाही. आपल्या दोघांत फरक एवढाच. सांभाळणारा मी सात वर्षांचा होतो.

ताई, तुम्हीसुद्धा सातच वर्षांच्या होतात.

आपला,
रूपजी"